'बी-टाइप'ची अमेरिकेतली बिऱ्हाडं

अमेरिकेहून परत आल्यापासून भेटेल तो विचारतो, नायगारा पाहिला का? नाही पाहिला. न्यूयॉर्कचा तो पुतळासुद्धा एका पुलावरून जाताना गाडीच्या काचेतून दाखवला गेला, आणि मी चष्मा लावेपर्यंत तो मागे पडला. अडीच आठवड्यांत आम्ही तीन शहरांत एक नाटक पाहिलं, आणि तेही आमचंच. लिहिलेलं माझ्या नवऱ्याने, त्यातली मुख्य भूमिका माझी, आणि ती करणाऱ्या बायका भलत्याच. प्रवासवर्णनात लोक डोंगर, तळी आणि हवामान लिहितात. माझ्यापुरतं तिन्ही शहरांत एकच हवामान होतं. मी जळत होते.

आधी नाटकाबद्दल सांगते. सुधाकर, म्हणजे माझा नवरा, विदर्भातल्या एका सिमेंट कारखान्याच्या स्टोअर्समध्ये होता. कारखान्याची टाउनशिप होती. ए-टाइप क्वार्टर कामगारांना, बी-टाइप क्लार्क आणि सुपरवायझरांना, सी-टाइप ऑफिसरांना, आणि डी-टाइप म्हणजे बागेतले चार बंगले. वीज फुकट, पाणी फुकट, शाळेची बस फुकट. फक्त भिंतीला खिळा ठोकायचा नाही, असा कंपनीचा नियम होता. आम्ही बी-टाइपमध्ये राहायचो, म्हणून सुधाकरने नाटक लिहिलं त्याचं नाव 'बी-टाइप'. त्यातल्या विमलचा नवरा रिटायर होतो. एकतीस वर्षांचं घर महिन्याभरात सोडायचं असतं. शेवटच्या प्रवेशात इस्टेट विभागाचा क्लार्क यादी घेऊन येतो. पंखे तीन, ट्यूबलाइट चार, नळ पाच. सगळं बरोबर आहे म्हणतो आणि किल्ली मागतो. विमल एक शब्द न बोलता किल्ली देते. पडदा.

विमल मी करायचे. पहिला प्रयोग टाउनशिपच्या क्लबात झाला. जनरल मॅनेजरांच्या पत्नी मध्यंतरात उठून गेल्या, डोकं दुखत होतं म्हणे. मग स्पर्धा, मग आसपासच्या गावांत काही प्रयोग, असे मोजून अकरा. त्यानंतर बदल्या झाल्या, नटमंडळी पांगली आणि नाटक ट्रंकेत गेलं. सुधाकरशी माझं एकाच गोष्टीवरून भांडण व्हायचं. शेवटी विमलला एक तरी वाक्य दे, असं मी त्याला पहिल्या तालमीपासून सांगत होते. तो म्हणायचा, तिचं गप्प राहणं हेच नाटक आहे. अकरा प्रयोग मी गप्प राहिले आणि त्यानंतरची तीस वर्षं ते वाक्य मागत राहिले.

शिकागो

नाटक अमेरिकेत नेलं विवेकने. हा आमच्याच टाउनशिपमधला, पण सी-टाइपमधला. त्याची आई हळदीकुंकवाला आली की तिला खुर्ची मिळायची आणि आम्ही सतरंजीवर बसायचो. आता त्याची पन्नाशी उलटलीय, हॉस्पिटलांची सॉफ्टवेअर करतो आणि तिथल्या मराठी मंडळात नाटकं बसवतो. वडील गेल्यावर त्यांच्या सामानात त्याला 'बी-टाइप'ची व्हिडिओ कॅसेट सापडली. अकराव्या प्रयोगाची, लग्नं शूट करणाऱ्या फोटोग्राफरने घेतलेली. विवेकने ती कॉम्प्युटरवर उतरवून घेतली, सुधाकरला फोन करून परवानगी मागितली आणि शिकागोत चार प्रयोग केले. मग क्युपर्टिनोच्या एका ग्रुपने तीन केले. मग न्यूयॉर्कजवळच्या पार्सिपनीच्या लोकांनी सहा. आमचे अकरा धरून चोवीस झाले, आणि पंचविसाव्याला लेखक आणि मूळ विमल म्हणून आम्हाला बोलावणं आलं. आमचे अकरा त्यांनी आपल्यात धरले ते मला आवडलं नव्हतं. पण तिकिटं आली होती.

पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी विवेकने डेव्हन ॲव्हेन्यूला नेलं. तिथे साड्यांची दुकानं, मिठाईवाले, मसाल्यांची पोती, आणि पार्किंगची मारामार. एक जागा दिसली तोवर गाडी पुढे गेली होती. विवेक म्हणाला, "काकू, तुम्ही पटकन उतरून तिथे उभ्या राहा, मी ब्लॉकला राउंड मारून येतो." मी उतरले आणि त्या रिकाम्या चौकोनात पर्स कवटाळून उभी राहिले. एक म्हातारा गोरा माणूस गाडी घेऊन आला, माझ्यासमोर थांबला, काच खाली केली आणि फार सभ्यपणे काहीतरी विचारलं. मी मान हलवली. त्यानेही हलवली. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो आणि शेवटी तोच गेला. नागपुरात असते तर जागा गेली असती आणि वर चार शब्द ऐकावे लागले असते.

साडीच्या दुकानाकडे बोट दाखवून विवेकने अभिमानाने सांगितलं, की विमलच्या साड्या इथूनच घेतल्या. "नव्या होत्या काकू. मग वॉशिंग मशीनमध्ये दहा-बारा वेळा फिरवून जुन्या केल्या." मी विमलसाठी माझ्याच साड्या नेसायचे, त्या वापरून जुन्या झालेल्या होत्या. जिलेबी गरम होती, ती खाल्ली.

त्या संध्याकाळी विवेकच्या घरी, तळघरातल्या मोठ्या खोलीत, त्यांनी आमच्यासाठी दोन प्रवेश करून दाखवले. विमल करणाऱ्या अनुराधाबाई फार्मसिस्ट, साठीच्या, प्रेमळ. त्या विंगेतून, म्हणजे वॉशिंग मशीनच्या मागून, आल्या आणि मी सावरून बसले. बाई डाव्या पायाने लंगडत होत्या. मला वाटलं, वय झालंय, गुडघा धरला असेल. पण प्रवेश संपल्यावर त्या नीट चालत चहा आणायला गेल्या.

"काकू, तुमचा तो लिम्प," विवेक म्हणाला, "तो आमच्या प्रॉडक्शनचा सेंटर आहे. एकतीस वर्षं टाउनशिपने तिला कसं क्रिपल केलंय, हे तुम्ही एकही शब्द न बोलता दाखवलंत. स्क्रिप्टमध्ये तो कुठेच नाही. काय चॉइस आहे!"

ते लंगडणं स्क्रिप्टमध्ये नव्हतं, कारण अकराव्या प्रयोगाच्या सकाळी सेट उतरवताना मी ट्रकच्या फळीवरून घसरले होते. पाय टम्म सुजला होता. क्रेप बँडेज बांधून, दोन गोळ्या घेऊन मी प्रयोग ओढला, आणि नेमका तोच फोटोग्राफरने घेतला. आधीच्या दहा प्रयोगांत विमल तुमच्या-आमच्यासारखी चालत होती. मी सुधाकरकडे पाहिलं. तो तळघराच्या छतावरचे पाइप मोजत होता. आता खरं सांगावं असं माझ्या मनात आलं, पण "काय चॉइस आहे" असं मला आजवर कुणीच म्हटलं नव्हतं. मी म्हणाले, "हो, भूमिकेचा विचार करताना काही गोष्टी सुचत जातात."

क्युपर्टिनो

कॅलिफोर्नियाचं ऊन आमच्यासारखंच, पण घाम येत नाही, हा एक अन्याय. रस्त्यांवर माणूस दिसत नाही, लिंबाच्या झाडाखाली लिंबं पडून कुजतात आणि कुणी उचलत नाही. मी सहा उचलली आणि ज्यांच्याकडे उतरलो होतो त्यांच्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. संध्याकाळी कळलं, झाड शेजाऱ्यांचं होतं.

इथली विमल म्हणजे प्राची. एकोणतीस वर्षांची, नागपूरच्या इंजिनीअरिंग कॉलेजातून एमएसला आलेली आणि आता नोकरी करणारी. इतकी देखणी, की पंचावन्नची विमल तिने करावी हाच एक आगाऊपणा. कम्युनिटी हॉलमध्ये तिने शेवटचा प्रवेश केला. तीही लंगडत होती, पण उजव्या पायाने. शिकागोत डावा, इथे उजवा. मी नंतर हळूच विचारलं तर म्हणाली, "काकू, मी लॅपटॉप समोर ठेवून तुमच्याबरोबर प्रॅक्टिस करायचे ना, आरशासारखी. सो मेबी उलटं झालं असेल." माझं दुखणं देशभर फिरत होतं, आणि फिरता फिरता पायसुद्धा बदलत होतं.

प्रवेशानंतर प्रश्नोत्तरं झाली. एका गृहस्थांनी लंगडण्याचा अर्थ विचारला आणि मी शिकागोपेक्षा मोठं उत्तर दिलं. आता आठवलं की कान गरम होतात. मग मागच्या रांगेतली एक बाई उठली, कडेवर झोपलेलं मूल. ती म्हणाली, "मला नाटकातलं फार कळत नाही. पण लास्ट इयर ह्यांचा जॉब गेला. व्हिसाचे साठ दिवस असतात. त्यात दुसरा जॉब नाही तर सामान बांधायचं. आम्ही घरातल्या एकेका वस्तूवर स्टिकर लावले होते, हे विकायचं, हे द्यायचं. त्या क्लार्कने पंखे मोजले ना, तेव्हा मला बाहेर जावंसं वाटलं." पुष्कळ जणी मान हलवत होत्या.

आमच्याकडे अकरा प्रयोगांत अशी कुणी उठली नव्हती. जनरल मॅनेजरांच्या पत्नी उठल्या त्या निराळ्या कारणाने. सुधाकरने त्या बाईला जाऊन हात जोडले. त्याचे डोळे भरले होते. मला तिचं वाईट वाटलं, अगदी खरं वाटलं, आणि त्याच क्षणी हेही वाटलं की एवढे समजणारे प्रेक्षक माझ्या वाट्याला का आले नाहीत. ते प्राचीला बसल्या जागी मिळाले, तेही उलट्या पायाने लंगडून.

पार्सिपनी

पार्सिपनीत आम्ही मानसीच्या घरी उतरलो. मानसी म्हणजे तिसरी विमल, पंचविसावा प्रयोग तिचाच. वय चव्वेचाळीस, एका औषध कंपनीत डेटाचं काम करते. नवरा नितीन अबोल आणि भला. मुलगी इरा मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देते, पण आम्हाला वाकून नमस्कार करते. शिकागो आणि क्युपर्टिनोत सगळे मला काकू म्हणत होते, त्यावर मी मनात कुरकुरत होते. नाटकवाल्या बाईला ताई म्हणायची पद्धत आहे. मानसीने दारातच "या ताई" म्हटलं आणि माझी एक तक्रार कमी झाली, त्याचाही मला राग आला.

पहिल्याच दिवशी तिने गोळाभात केला होता. "तुम्ही नागपूरच्या म्हणून ट्राय केला. चुकला असेल तर सांगा हं." मी चुकलेला असावा म्हणून पहिला घास अगदी लक्ष देऊन खाल्ला. बेसनाचे गोळे मऊ, आत फोडणीचं तेल नेमकं मुरलेलं. सुधाकरने तीनदा घेतला. घरी मी केला की एकदा घेतो.

जेवण झाल्यावर भांडी मशीनमध्ये लावताना मानसी म्हणाली, "ताई, एक विचारू? त्या व्हिडिओच्या दिवशी तुमचा पाय दुखत होता का?"

मी हातातली वाटी पुन्हा विसळायला घेतली.

"म्हणजे, सगळे म्हणतात तो लिम्प सिम्बॉलिक आहे. पण दुसऱ्या अंकात तुम्ही ट्रंक उचलता ना, तेव्हा तुम्ही विमल नसता. एक सेकंद फक्त दुखत असतं तुम्हाला. मी तो पार्ट तीस-चाळीस वेळा पाहिलाय."

"पाय मुरगळला होता," मी म्हणाले. अमेरिकेत आल्यापासून मी पहिल्यांदा खरं बोलत होते.

"वाटलंच मला. म्हणून मी लंगडत नाही."

शनिवारी तालीम पाहिली. ती लंगडत नव्हती. भराभर, पदर खोचून, थोडं पुढे झुकून चालत होती. कामवाली बाई नसलेल्या घरातली बाई चालते तशी. पहिल्या दहा प्रयोगांतली माझी विमल अशीच चालायची. ती कुणीही चित्रित केलेली नव्हती आणि मानसीने कधीच पाहिलेली नव्हती. मुरगळलेल्या पायाच्या आडून तिने ती शोधून काढली होती. कुणी आपली वस्तू चोरली तर निदान ओरडता तरी येतं. हिने चोरलं नव्हतं, कमावलं होतं. मी अंधारात बसून तिची एक तरी चूक शोधत होते. एका जागी 'ळ'चा 'ल' झाला, तो मी मनात जपून ठेवला.

खरं पोटात दुखलं ते त्याच्या आधी, शुक्रवारी सकाळी. पोहे खाता खाता मानसी सुधाकरला म्हणाली, "सर, शेवटी ती किल्ली देते तेव्हा मला रोज वाटतं, आता ही काहीतरी बोलणार. काय बोलेल ती?"

सुधाकर घास तोंडाशी धरून थांबला. मग म्हणाला, "कागद आहे का?"

इराच्या शाळेच्या कुठल्याशा सूचनेचा कागद होता. त्याच्या मागच्या बाजूला त्याने लिहिलं. पोह्यांची वाफ जायच्या आत. मग वाचून दाखवलं. क्लार्क म्हणतो, यादी पूर्ण झाली. विमल म्हणते, "भिंतीत सतरा खिळे आहेत. सगळे मी ठोकलेत. तेही लिहून घ्या."

मी ताटलीतले शेंगदाणे बाजूला काढत राहिले. ते खिळे माझे होते. नाटकानंतर कितीतरी वर्षांनी सुधाकर रिटायर झाला आणि आम्ही खरोखरच क्वार्टर सोडलं. तेव्हा तो भिंतीतली भोकं टूथपेस्टने बुजवत होता आणि मी खिळे मोजत होते. कॅलेंडरचा, देवाच्या फोटोचा, मुलाच्या पिशवीचा, आरशाचा. नियम मोडून, नवरा ड्यूटीवर असताना, शेजारी आवाज जाऊ नये म्हणून फडकं लावून ठोकलेले सतरा. सामानाच्या ट्रकमध्ये बसल्यावर मी त्याला आकडा सांगितला होता. तो ड्रायव्हरला रस्ता सांगत होता. मला वाटलं, त्याने ऐकलंच नाही.

खोलीत गेल्यावर मी दार लावलं. "तीस वर्षं मागतेय मी. हिने एकदा विचारलं आणि तू लिहून मोकळा?"

"तेव्हा सुचलं नव्हतं."

"आणि सुचलं ते माझं. खिळे माझे आहेत सुधाकर."

"म्हणून तर चांगलं झालंय," तो म्हणाला. आणि मग जरा थांबून, "शैला, तू म्हणायचीस वाक्य दे. तिने विचारलं, ती काय बोलेल. त्या प्रश्नावर सुचलं."

तो हे लागट बोलत नव्हता. त्याला जे वाटतं ते तो सांगत होता, आणि त्यामुळेच ते जास्त झोंबलं. त्या दिवशी मानसीने आम्हाला गावातलं तळं दाखवलं, बदकं होती. मी बदकांशीसुद्धा धड बोलले नाही.

मनातल्या मनात मात्र ते वाक्य मी म्हणत होते. आंघोळ करताना, गाडीत, तळ्याकाठी. मला ते कसं म्हणायचं ते पक्कं ठाऊक होतं. 'सतरा'वर थांबायचं. 'मी'वर आवाज वर न्यायचा, एकतीस वर्षांत पहिल्यांदा. 'तेही लिहून घ्या' म्हणताना गळा दाटून यायला हवा, पण फुटायला नको. प्रेक्षागृह हलवून सोडलं असतं मी.

प्रयोग रविवारी दुपारी दोनला, एका शाळेच्या प्रेक्षागृहात. इथे नाटक दुपारीच लागतं, कारण सोमवारी सगळ्यांना ऑफिस. नारळ आत फोडायला परवानगी नव्हती. म्हणून सगळी नटमंडळी मेकअपसकट पार्किंगमध्ये गेली, नितीनने दोन गाड्यांच्या मधल्या दगडी कठड्यावर नारळ फोडला, आणि पाणी कुणाच्या तरी टायरवर गेलं. घंटा फोनमध्ये रेकॉर्ड केलेली. कपडे बदलायची खोली म्हणजे गाण्याच्या वर्गाची खोली, भिंतीवर तंबोऱ्याच्या जागी ट्रम्पेटांची चित्रं. बाकी वास तोच, पावडरीचा आणि कपाळावरच्या घामाचा. मला तो वास आला आणि रडू येईल असं वाटलं.

दुसऱ्या घंटेआधी मानसी माझ्यापाशी आली.

"ताई, मला ती नवी लाइन जमत नाहीये. दोन दिवस ट्राय करतेय. रडका सूर लागतोय सारखा. तुम्ही असता तर कशी म्हटली असती?"

खोलीत आम्ही दोघीच होतो. मला सांगता आलं असतं. सतराला थांब, मीवर चढ, गळा दाटू दे. तीस वर्षं तयार ठेवलेलं. मी तिच्याकडे पाहिलं. अंबाड्यात गजरा नाही, कपाळाला बारीक टिकली, हुबेहूब माझी विमल. आणि मी ठरवलं, की हे एवढं तरी मी देणार नाही.

"काहीच करू नकोस," मी म्हणाले. "थांबायचं नाही, सूर लावायचा नाही. पार्सल आणणाऱ्याला तू सांगतेस ना, दाराशी ठेव म्हणून? तसं सरळ बोलून टाक."

"एवढं प्लेन?"

"एवढंच."

हे मी मुद्दाम केलं. गैरसमज नको. ते वाक्य पडावं, लोकांच्या लक्षातही येऊ नये, आणि सुधाकरला कळावं की वाक्य नुसतं लिहून भागत नाही, ते म्हणणारी लागते. एवढा सगळा विचार करून मी तिला चुकीचं सांगितलं, तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले.

दोन अंक कसे गेले ते मला सांगता येणार नाही. शेवटचा प्रवेश आला. क्लार्कने पंखे मोजले, नळ मोजले. यादी पूर्ण झाली म्हणाला. मानसीने किल्ली पुढे केली, आणि त्याने ती घेतल्यावर, पदराला हात पुसत, जसं काही सांगायचं राहूनच गेलं होतं अशा घाईने म्हणाली, "भिंतीत सतरा खिळे आहेत सगळे मी ठोकलेत तेही लिहून घ्या."

बस्स. ना थांबली, ना चढली.

क्लार्क करणारा मुलगा नवखा नव्हता, पण त्याचा हात तसाच राहिला. त्याला 'सही करा' म्हणायचं होतं, ते तो विसरला. त्याने पेनाचं टोपण काढलं आणि खरोखर यादीत काहीतरी लिहिलं. चारशे माणसांच्या प्रेक्षागृहात त्या पेनाचा आवाज मला पहिल्या रांगेत ऐकू आला. माझ्या शेजारच्या बाई तोंडावर हात धरून बसल्या होत्या. मग पडदा पडला, आणि लोक उभे राहिले. मला उठायला जरा वेळ लागला.

आम्हाला स्टेजवर बोलावलं. सुधाकरला शाल, मला शाल. मानसीने माइक घेतला. "शेवटची लाइन मला अजिबात जमत नव्हती. अगदी प्रयोग सुरू होईपर्यंत. शैलाताईंनी ग्रीनरूममध्ये मला सांगितलं, काहीच करू नकोस, सरळ बोलून टाक. हे फक्त त्याच सांगू शकतात ज्यांनी विमल जगलीय." आणि ती वाकली, सगळ्यांसमोर माझ्या पायांना हात लावला. लोक पुन्हा उभे राहिले, या वेळी माझ्यासाठी. मी हात जोडले. जन्मात एवढ्या टाळ्या मिळाल्या नव्हत्या मला, आणि त्यातली एकही माझ्या हक्काची नव्हती.

प्रयोगानंतर हॉलमध्ये ॲल्युमिनियमच्या ट्रेमधून वडे आणि मसालेभात होता. मी दमले म्हणाले. नितीनने आम्हाला घरी सोडलं आणि तो सेट उतरवायला परत गेला. साडेपाच-सहा वाजले असतील, ऊन अजून भरपूर होतं. मी मानसीच्या स्वयंपाकघरात चहा ठेवला. आलं कुठे, साखर कुठे, चार दिवसांत मला सगळं माहीत झालं होतं. सुधाकर स्टुलावर बसला, मांडीवर दोन्ही शाली.

"मला वाटलं नव्हतं तू तिला सांगशील," तो म्हणाला. "मोठं मन लागतं त्याला."

हे मला सहन झालं नाही. "मी तिला मुद्दाम चुकीचं सांगितलं सुधाकर. वाक्य पडावं म्हणून."

मला वाटलं तो चिडेल, निदान मान तरी फिरवेल. त्याने शाली बाजूला ठेवल्या. "मग बरोबर कसं होतं? तू कसं म्हटलं असतंस?"

एवढ्या वर्षांत त्याने मला हे पहिल्यांदा विचारलं. मी गॅस बारीक केला. ओट्यापासून दोन पावलं मागे आले, पदर सारखा केला आणि उभी राहिले. समोर माझा नवरा, नाटकाचा लेखक, एकटा प्रेक्षक. मी श्वास घेतला आणि म्हणाले.

सतरावर थांबले नाही. मीवर चढले नाही. एका दमात, सरळ, पदराला हात पुसत. तिच्यासारखं.

"थांब," मी म्हणाले, "हे नव्हे." पुन्हा सुरुवात केली. पहिल्या शब्दाआधी मी मनात सूर धरून पाहिला, जो मी तीन दिवस धरत होते, ज्याने मी प्रेक्षागृह हलवणार होते. तो फार खोटा वाटला, तरी मी तोच लावायचं ठरवलं. तोंडातून मानसीच बाहेर आली. हातसुद्धा आपोआप पदराकडे गेला.

सुधाकर वाट बघत होता. त्याला घाई नव्हती, तो हवा तितका वेळ थांबला असता. मी चहा गाळला, त्याचा कप त्याच्यापुढे ठेवला. तिसऱ्यांदा मी तोंड उघडलंच नाही.